एकवीस फेब्रुवारी १९७०, रात्रीचे दोन

“रात्रीचे दोन,” थोरवत मॅडम म्हणाल्या. “एकवीस फेब्रुवारी एकोणीसशे सत्तर. येडगेवाडीच्या शाळेत पाच मुलगे हजर. काय हो, भुतांची शाळा आहे का ही?”

मॅडम तालुक्याला शिक्षण विस्तार अधिकारी होत्या. मी हजेरीची अंगठा-यंत्रं बसवणाऱ्या कंपनीचा माणूस. त्यांच्या टेबलासमोर उभा होतो आणि त्यांच्या हातातला कागद मीच छापून आणलेला होता.

“मॅडम, यंत्राची तारीख चुकलीय.”

“चुकलीय? माझा जन्म व्हायच्या आधीची तारीख आहे. याला चुकलीय म्हणत नाहीत, याला बिघडलंय म्हणतात.” त्यांनी कागद उलटा ठेवला. “हे बघा. पलीकडच्या गावातून तक्रार आलीय, पंधरा ऑगस्टला येडगेवाडीत झेंडा लागला नाही, शाळा बंद होती. मी हजेरी मागवली. जूनच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत एक अंगठा नाही. एक! सोमवारी प्रस्ताव वर जाईल. शाळा बंद, मुलं धरणापलीकडच्या शाळेत.”

“लाँचनं?”

“लाँचनं.”

“पावसाळ्यात लाँच बंद असते मॅडम.”

“मला सांगता? तेरा मुलं आहेत. आठ मुली. त्या आठातली एकही पाणी ओलांडून जायची नाही, मला काय कळत नाही? पण कागदावर शून्य असेल तर मी कशावर सही करू?” त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. “तुम्ही जाऊन या. शाळा बंद होती का यंत्र, तेवढं सांगा. गोष्टी नकोत. तारखा द्या.”

०

यंत्राला तारीख कळत नाही, हे लोकांना पटत नाही. यंत्र फक्त मोजतं. एकेक सेकंद, खडे टाकत बसल्यासारखं. कुणीतरी कधीतरी ठरवलं की पहिला खडा १ जानेवारी १९७० चा, इंग्लंडातल्या मध्यरात्रीचा. तिथून आजवर किती खडे पडले ती संख्या यंत्राजवळ असते. त्या संख्येचा वार, महिना, साल करून माणसाच्या हातात द्यायचा, हे माझ्यासारख्याचं काम.

यंत्राच्या पोटात बटणाएवढी बॅटरी असते. ती मेली आणि वीजही गेली की यंत्र सगळे खडे विसरतं. पुन्हा वीज आली की शून्यापासून सुरू. इंग्लंडात तेव्हा मध्यरात्र, पण आपलं घड्याळ साडेपाच तास पुढं. म्हणून आपल्याकडे स्मृती गेलेलं प्रत्येक यंत्र १ जानेवारी १९७० ला पहाटे साडेपाचला डोळे उघडतं. काकडआरतीच्या वेळेला. मला याची नेहमी गंमत वाटायची.

म्हणजे येडगेवाडीच्या यंत्राचे खडे खरे होते. फक्त पहिला खडा कधी पडला ते त्याला माहीत नव्हतं. तो एक दिवस सापडला असता तर सगळे सापडले असते.

४३९३८००

लाँचमध्ये मी, दोन दुधाच्या किटल्या आणि एक आजी. आजींच्या कपाळावर काही नव्हतं, हातात काही नव्हतं, दाताला मिसरी. येडगेवाडी जवळ आली तसं त्यांनी विचारलं, “कुनाकडं?”

“शाळेत.”

“माझ्या सुनंची शाळा हाय ती,” त्या म्हणाल्या. “चला.”

आजी अनसूया डफळे. त्यांची सून वैजयंता, शाळेतल्या एकमेव शिक्षिका. वाडीतली सगळी त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणत. नवराही याच शाळेवर मास्तर होता, चार वर्षांमागं काविळीनं गेला. त्याच्या जागेवर बाई आल्या आणि सासू त्यांच्यासोबत शाळेमागच्या खोलीत येऊन राहिली. हे सगळं मला आजींनीच धक्क्यापासून शाळेपर्यंतच्या चढावर सांगून टाकलं, न दमता.

बाई चाळिशीच्या आतबाहेर. उंच, हडकुळ्या, करड्या साडीतल्या. माझं काम ऐकून म्हणाल्या, “यंत्र बंद कुठंय? रोज लावतो की आम्ही अंगठा.”

खरंच यंत्र चालू होतं. पडद्यावर मे १९७० चालू होता.

“ही तारीख बघितली नाहीत?”

“बघितली. बदलायला गेले तर पासवर्ड मागतं. तुमच्या कंपनीला फोन केला, ते म्हणाले माणूस पाठवतो.” माझ्याकडे बघून त्या हसल्या. “आलात.”

“बंद कधी पडलं होतं?”

“जूनमध्ये वादळ झालं तेव्हा वाडीची लाईट गेली. आठ-दहा दिवसांनी मी ते सोलरच्या बॅटरीवर जोडलं. तेव्हापासून बंद नाही.”

“जोडलं ती तारीख?”

“अहो, पाऊस बघितलाय का इथला? रविवार कुठला तेवढं कळलं तरी पुष्कळ.”

मी वर्गाकडे वळलो. तेरा मुलं, आणि दारात दुधाला जायच्या घाईतले दोघं-तिघं पालक. “मला एक पक्का दिवस सांगा,” म्हटलं. “यंत्र लावल्यानंतरचा. त्या दिवशी शाळेत काहीतरी वेगळं झालेलं असलं पाहिजे.”

हे विचारायला नको होतं.

“माजी म्हस याली त्या दिवशी मी दुपारनं आलो.”
“कधी व्याली?”
“लई पाऊस हुता.”
“बाबूला इच्चू चावला तो!”
“ते रैवारी, शाळंच्या दिवशी न्हाई.”
“शाळंच्याच दिवशी. मी अंगठा लावला आन मग चावला.”
“गव्यानं भात खाल्लं तो दिस धरा सायेब.”
“गवा काय एक दिस येतूय व्हय? रोज येतूय.”
“बेंदराला धरा.”
“बेंदराला शाळा नव्हती.”
“मग नसलेला दिस धरा की!”

शेवटचं बोलणारी झिमी येडगे होती, सातवीतली. वर्गात सगळ्यांत मोठी, दोन घट्ट वेण्या. आणि ती बरोबर बोलत होती. पण नसलेले दिवस पुष्कळ होते.

“झेंडा,” झिमीच पुन्हा म्हणाली. “झेंड्याला सकाळी येतो आमी. बाकीचं दिस साडेधाला.”

माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. लॅपटॉप उघडला. रोजचे अंगठे यंत्राच्या पहाटे पाचला. म्हणजे आपले साडेदहा. आणि एकच दिवस असा, की अंगठे मध्यरात्रीनंतर दोनला. मॅडम ज्यावर हसल्या होत्या तोच. तीन तास लवकर.

“झेंडावंदन किती वाजता असतं बाई?”

“साडेसातला,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज थोडा बदलला होता. तेव्हा मी तो यंत्राच्या आनंदात ऐकला नाही.

१५३४२९८४००

ही पंधरा ऑगस्ट २०१८, सकाळी साडेसातची खरी संख्या. तिच्यातून यंत्रानं त्या दोनच्या ओळीपर्यंत मोजलेले त्रेचाळीस लाख त्र्याण्णव हजार आठशे खडे वजा केले. उरलेला आकडा प्रत्येक ओळीत मिळवला, आणि पडद्यावर १९७० चा मे जाऊन नोव्हेंबर २०१८ आला. आजचीच तारीख. यंत्र सुरू झालं होतं पंचवीस जूनला, सकाळी अकराला. रिकामे दिवस एकापाठोपाठ एक रविवारांवर जाऊन बसले. बेंदूर, म्हणजे बैलांच्या सणाचा दिवस, रिकामा. एका सोमवारी बाबूचा अंगठा होता आणि पुढचे दोन दिवस नव्हता, म्हणजे विंचवाचा दिवस खरंच शाळेचाच निघाला आणि बाबू वर्गभर नाचला.

“शाळा चालू होती,” मी म्हणालो. “पावसाळाभर.”

“ते आमाला ठावंच हाय,” दारातली एक बाई म्हणाली आणि किटली उचलून गेली.

मग मी पंधरा ऑगस्ट नीट बघितला. पाच मुलगे. मुली नाहीत. बाई नाहीत.

पुढचे दिवस बघितले. मुलगे रोज. मुली कुठं चार दिवसांनी, कुठं दहा दिवसांनी एकेक करून परत आलेल्या. बाईंचा अंगठा थेट सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात.

“बाई,” मी म्हणालो, “पंधरा ऑगस्टला तुम्ही नव्हता?”

तेरा मुलांनी एकाच वेळी बाईंकडे बघितलं.

“होते.”

“झेंडा बाईंनीच लावला!” बाबू ओरडला. “वसरीच्या खांबाला!”

“खांबाला का?”

“काठी पडली हुती पावसात. आन त्या दिशी खड्डा कोन खनंल? पंचिम हुती.”

नागपंचमी. त्या दिवशी जमीन खणायची नाही, चिरायचं-कापायचं नाही. म्हणून मैदानातली पडलेली काठी तशीच राहिली आणि झेंडा ओसरीच्या खांबाला लागला, डोंगराच्या बाजूला. पलीकडच्या काठावरून बघणाऱ्याला रिकामं मैदान दिसलं. तक्रार खोटी नव्हती. डोंगराच्या बाजूला झेंडा असेल हे त्याला सुचणार कसं?

“मग तुमचा अंगठा?”

“लागला नसेल,” बाई म्हणाल्या. “पावसाळ्यात नाही लागत कधी कधी.”

“मुलग्यांचा लागला.”

“त्यांचा लागला असेल.”

ओसरीवर तंबाखू मळत बसलेल्या आजींनी मान वळवली. “वीस-पंचवीस दिस न्हाई लागला? मी तर तिकडं भावाकडं अडकल्याली, लाँच बंद. कुटं गेल्तीस गं वैजंता?”

“कुठं जाणार आत्याबाई? पाणी होतं चहूकडं.”

“तेच म्हंते मी.”

हे आधी सांगायला हवं होतं:

आमच्या प्रोग्राममध्ये एक चाळणी असते. ओळखता न आलेला अंगठा यंत्र टाकून देत नाही. त्याची वेळ लिहितं आणि नावाच्या जागी लिहितं, ‘अनोळखी’. दिवसाला अशा दोन-चार ओळी येतातच. घामट बोट, मातीचं बोट. कामाच्या त्या आम्ही समजत नाही, म्हणून चाळणी लावून ठेवतो आणि त्या दिसेनाशा होतात.

मी चाळणी काढली.

पंधरा ऑगस्ट. अनोळखी. अनोळखी. अनोळखी. बोट खाली सरकवत गेलो तरी संपेना. पाच मुलग्यांच्या अंगठ्यांच्या आधी, मध्ये, नंतर. कुणीतरी एकामागून एक प्रयत्न करत राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच. मग एक मुलगी नावानिशी परत आली आणि अनोळखी ओळी थोड्या उतरल्या. मग दुसरी. नाव वाढलं की अनोळखी उतरायचे. सगळ्या मुली परत आल्या तरी रोज तीन-चार ओळी शिल्लक राहिल्या. अगदी साडेदहाच्या ठोक्याला. शेवटी सप्टेंबरात त्याही गेल्या आणि त्यांच्या जागी एक नाव आलं. वैजयंता डफळे.

दुपारच्या सुट्टीत झिमी माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

“शाळा जानार का ओ?”

“खरं सांगितलंस तर नाही जाणार. पंचमीला तुमच्या मुलींच्या हातांना काय झालं होतं?”

तिनं दोन्ही पंजे पुढं केले, बोटं मिटून, जणू अजून काही लागलंय. “मेंदी. आदल्या सांजंला. पेरं बुडवून लावत्यात आमच्यात, ह्यापतूर.” तिनं बोटाच्या पहिल्या पेरावर खूण केली. “सकाळी मशीन घेईचना. बाई म्हनाल्या, लावत ऱ्हावा, कदी तरी घेईल.”

“आणि बाईंचं?”

झिमी खोलीच्या दाराकडे बघत राहिली. दारात आजी होत्या. खोलीच्या कुंपणाला मेंदीचं दाट झुडूप होतं, माणसाच्या छातीएवढं.

“बाईंचं मला ठावं न्हाई,” ती म्हणाली आणि पळाली.

लाँचची वेळ झाली तेव्हा बाई मला धक्क्यापर्यंत सोडायला आल्या.

“काय लिहिणार?”

“जे आहे ते. मेंदीमुळं अंगठे लागले नाहीत.”

“मुलींचे लिहा.”

“आणि तुमचा?”

“माझी गैरहजेरी लिहा.”

“बाई, तुम्ही गैरहजर आणि मुलं हजर, मग शाळा चालवली कुणी? मॅडम विचारणार. सगळंच खोटं वाटेल त्यांना.”

त्या थांबल्या. पाण्याकडे बघत म्हणाल्या, “त्या दिवशी आत्याबाई नव्हत्या. पोरी पाला वाटून घेऊन आल्या. मी एकेकीला लावून दिली. शेवटी वाटीत उरली. झिमी म्हणाली, बाई टाकून द्यायची का? मी म्हटलं, टाकू नको. एवढंच झालं.”

मी बॅग दुसऱ्या खांद्यावर घेतली.

“सकाळी हात बघितले आणि घाबरले. इतकी चढली होती! वाडीतल्या बायांनी बघितलं. एकीनंही विचारलं नाही. दूध घालताना माझ्या हाताकडं बघायच्या आणि पावसाचं बोलायच्या. आत्याबाई आल्या तोवर उतरली.” त्या हसल्या, पण लगेच थांबल्या. “त्यांनी चोविसाव्या वर्षी कपाळ पुसलंय. चाळीस वर्षं झाली. त्यांच्यासमोर मी कशी म्हणू, मला राहवलं नाही म्हणून?”

लाँचनं भोंगा दिला.

“तुमचं ते यंत्र बरं होतं,” बाई म्हणाल्या. “एकोणीसशे सत्तर. तेव्हा माझा जन्मच झाला नव्हता. कुणाची कुणीच नव्हते मी.” मग एकदम विचारलं, “तुमचे वडील आहेत?”

“नाहीत. मी कॉलेजात होतो तेव्हा गेले.”

“आई मेंदी लावतात?”

लावत नव्हती. पण ती लावत नाही हे माझ्या लक्षात त्या क्षणीच आलं.

थोरवत मॅडमनी माझ्या नव्या तारखा बारकाईनं वाचल्या. रविवार तपासले, बेंदूर तपासला. मग चष्मा काढला.

“शाळा चालू होती हे मानते. पण हे अनोळखी म्हणजे काय? उद्या मीही जाऊन दहा वेळा बोट टेकवीन. अनोळखी म्हणजे कुणीही.”

“मेंदीमुळं—”

“हे तुम्ही म्हणता. मला दाखवा. आणि बाईंचं काय? त्यांनी मेंदी लावली होती?”

मी खिडकीबाहेर बघितलं. “ते त्याच सांगतील.”

“म्हणजे तुम्हाला माहितीय.” त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. “बरं. शनिवारी मी येते. वाडीसमोर होऊ दे काय ते. नंतर कुणी म्हणायला नको, ऑफिसात बसून ठरवलं.”

मला तेच नको होतं. वाडीसमोर म्हणजे आजींसमोर. पण शनिवारनंतर सोमवार होता.

शनिवारी मॅडम पहिल्या लाँचनं उतरल्या. ओसरीवर खुर्ची मांडलेली. वाडीतली पंधरावीस माणसं दगडांवर बसली. पुरुष तंबाखू मळत, बाया पदर ओढून. आजी खोलीच्या उंबऱ्यावर.

“कुणाकुणाला मेंदी लावायची?” मॅडमनी विचारलं.

आठ हात वर. नववा बाबूचा.

“तू कशाला रे?”

“मला बी बघायचंय मशीन काय म्हनतंय.”

“बस खाली. तुझा लागतो म्हणून तर भानगड झाली.”

माणसं हसली. झिमीनं झुडूप ओरबाडून पाला आणला, दोघींनी पाट्यावर वाटला. हिरवा उग्र वास ओसरीभर झाला. दोन मुलींची पेरं भरली. त्या हात उंच धरून उन्हात उभ्या राहिल्या, बुजगावण्यासारख्या. मॅडमनी तेवढ्यात पोरांचे पाढे घेतले, शाळेचं छप्पर बघितलं, ताक घेतलं. दुपारी हात धुतले. पेरं लाल-काळी झाली होती.

पहिलीनं अंगठा टेकवला. तांबडा दिवा. यंत्रातली बाई इंग्रजीत बोलली, ‘प्लीज ट्राय अगेन’. पुन्हा टेकवला. पुन्हा तांबडा. दुसरीचंही तेच. मग बाबूनं टेकवला आणि हिरवा लागला तशी पोरांनी बोंब ठोकली. असं का होत होतं ते मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. स्वस्तातलं यंत्र, लाल उजेड, लाल पेर. काहीतरी जमत नव्हतं खरं.

“मुलींचं कळलं,” मॅडम म्हणाल्या. आवाज ऑफिसचा होता पण त्यात आता दुसरंही काही होतं. “आता शेवटच्या चार ओळी. रोज साडेदहाला. कुणाच्या? मला वर उत्तर द्यायचंय. त्या दिवसांत शाळेत मोठं माणूस कोण होतं?”

बाया पावसाचं बोलायला लागल्या, नोव्हेंबरात. बाई वर्गाच्या दाराला टेकून उभ्या होत्या. मी खाली लॅपटॉपकडे बघत होतो, जणू तो काही सुचवेल.

बाई पुढं आल्या. मॅडमकडे आल्या नाहीत. पाट्याजवळ गेल्या, झिमीसमोर जमिनीवर बसल्या आणि दोन्ही हात पुढं केले.

“उरलीय ना?”

झिमीनं आजींकडं बघितलं. सगळ्या वाडीनं आजींकडं बघितलं.

आजी उठल्या. उठायला वेळ लागला. ओसरीवरनं उतरून त्या पाट्याशी आल्या, वाकल्या, वाटलेल्या पाल्यात बोट घातलं आणि ते अंगठ्याशी चोळून बघितलं. बाईंचे हात तसेच पुढं होते.

“कात घातलाय का गं ह्यात?”

झिमीनं मान हलवली. “न्हाई.”

“मग कशी रंगायची? त्या पोरींची बघ कशी इटकरी झालीया.” आजींनी कनवटीची चंची सोडली. पानाला लागतो तेवढा काताचा खडा काढला आणि पाट्यावर टाकला. “वाट बारीक. आन हात हालवू नगंस वैजंता, वघळ येत्यात.”

आम्ही दुपारची लाँच सोडून दिली. मॅडमनीच सांगितलं, संध्याकाळच्या लाँचनं जाऊ. बाई उन्हाच्या पट्ट्यात हात मांडीवर उताणे ठेवून बसल्या. आजी बाजूला. मध्येच आजी बाईंच्या नाकावर आलेली माशी पदरानं हाकलायच्या.

ऊन ओसरीवरनं उतरलं तेव्हा त्यांनी हात धुतले. आजींनी सुनेचा तळवा उजेडाकडे धरून पाहिला. किती तरी वेळ. त्या चाळीस वर्षांत त्यांनी असा कुणाचा हात बघितला असेल का, कोण जाणे.

“जा,” त्या म्हणाल्या. “लाव.”

बाईंनी अंगठा टेकवला. तांबडा दिवा.

“काय म्हन्ली ती?” आजींनी विचारलं.

“परत लावा म्हन्ली,” झिमी म्हणाली.

“मग लाव की.”

बाईंनी पुन्हा टेकवला. तांबडा. पोरं मोजायला लागली. पुन्हा तांबडा. बाया दगडांवरनं उठून जवळ आल्या. मॅडमनी पेन काढलं, टोपण उघडलं आणि म्हणाल्या, “पुरे बाई. कळलं मला. मी लिहिते.”

“तुमचं तुमी ल्ह्या,” आजी यंत्राकडं बघत म्हणाल्या. “ती परत लाव म्हंतीया न्हवं? लाव गं.”

बाई हसत होत्या आणि डोळ्यांतलं पाणी मनगटानं पुसत होत्या, पेरांना लागू नये म्हणून. लाँचनं पहिला भोंगा दिला. मला अजून यंत्राची तारीख बदलायची होती. मी पासवर्ड टाकायला पुढं झालो, पण मधे जागा नव्हती. एका हातानं यंत्राची कड धरून आजी सुनेचा अंगठा काचेवर दाबत होत्या.